एका हातात वही, दुसऱ्या हातात हातोडा : संत जॉन बॉस्को



३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को यांचा सणदिन. मुलांचे मित्र, तरुणांचे पिता म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. हा संत शाळेत शिकत असतानाच शिवणकाम, लोहारकाम, सुतारकाम आणि मिठाईचे काम शिकला होता. आज आपण त्याच गोष्टीवर थोडा विचार करू या.

विचार करण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. दहावीची परीक्षा जवळ आली की आपल्याकडे काळजी सुरू होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बहुतेक घरांचा संसार कापसावर चालतो. पाऊस लांबला, बोंडअळी आली, भाव पडला की पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर बसतो. मुलगा अभ्यासात मागे पडला तर त्याला शाळेतून काढून मजुरीला लावायचे किंवा कसेही करून पुढच्या वर्गात ढकलायचे, असे दोनच रस्ते आपल्याला दिसतात. जॉन बॉस्को यांच्या जीवनात तिसरा रस्ता दिसतो.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीतील पिएमाँट भागात, कास्तेलनुओव्होजवळच्या बेक्की या लहानशा वस्तीत झाला. घर शेतकऱ्याचे. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील वारले. आई मार्गारीता हिने सासू, सावत्र मुलगा अंतोनिओ आणि आपली दोन मुले यांचा भार एकटीने उचलला. त्याच सुमारास त्या भागात दुष्काळ पडला होता. जॉनला शिकून धर्मगुरू व्हायचे होते. अंतोनिओला मात्र शेतकऱ्याच्या पोराने पुस्तक घेऊन बसणे मुळीच खपत नव्हते. घरात रोजचा वाद. शेवटी १८२८ साली, अवघ्या बारा वर्षांच्या जॉनला आईने जड अंतःकरणाने दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून पाठवले. सालगडी हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

जवळजवळ दोन वर्षांनी तो परत आला. पंधरा वर्षांचा झाला तेव्हा कास्तेलनुओव्होच्या शाळेत जाऊ लागला. शाळा पाच किलोमीटर लांब. सकाळी जायचे, दुपारी जेवायला घरी यायचे, पुन्हा जायचे, पुन्हा यायचे. दिवसाला वीस किलोमीटरची पायपीट. हिवाळ्यात हे जमेना, म्हणून आईने त्याची राहण्याची सोय गावातल्या जोवान्नी रॉबेर्तो नावाच्या शिंप्याकडे केली.

इथून खरी गोष्ट सुरू होते. शाळा सुटल्यावर जॉन शिंप्याच्या शेजारी बसू लागला. आधी बटणे लावणे, काज करणे, दुमड घालणे, मग साधे कपडे बेतणे आणि शिवणे. हात इतका बसला की त्याने हाच धंदा करावा असे शिंप्याला वाटू लागले. गावातल्या एव्हाझिओ साव्हिओ या लोहाराकडेही तो जाऊ लागला. तिथे हातोडा आणि कानस चालवायला शिकला. त्यातून पुढच्या शिक्षणासाठी चार पैसेही जमले.

१८३१ साली तो किएरी या शहरातल्या शाळेत गेला. वय सोळा, आणि वर्गातली मुले त्याच्याहून खूप लहान. खर्च भागवण्यासाठी तो कधी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवी, कधी पडेल ते काम करी. पुढे एका कॉफीच्या दुकानात कामाला राहिला. झोपायला जागा म्हणजे बिस्किटे भाजण्याच्या भट्टीवरची एक अरुंद माळवदी. शिडीने चढून जायचे. तिथे तो केक, सरबते आणि मिठाई बनवायला शिकला. दुकानदारानेही त्याला धंद्यातच राहण्याचा आग्रह केला. किएरीतच तो सुतारकाम शिकला. ही सगळी कामे करताना त्याने शाळा मात्र सोडली नाही. शाळेतही तो हुशार विद्यार्थी म्हणून नावाजला गेला.

५ जून १८४१ रोजी जॉन बॉस्को यांना गुरुदीक्षा मिळाली. ते तुरीन शहरात आले. त्या काळी खेड्यापाड्यांतून शेकडो मुले कामाच्या शोधात तुरीनला येत. कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी धुराडी साफ करायला. राहायला घर नाही, विचारपूस करायला कोणी नाही. फादर काफास्सो यांच्याबरोबर तुरुंगात गेल्यावर त्यांना कोवळ्या वयाची मुले गजाआड दिसली. ती सुटत आणि थोड्याच दिवसांत परत आत येत. बाहेर त्यांचे कोणी नव्हते आणि हाताला धड काम नव्हते, हे त्यांनी ओळखले.

८ डिसेंबर १८४१, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. चर्चच्या सॅक्रिस्टीत थंडीने कुडकुडत एक मुलगा शिरला. त्याला मिस्साच्या वेळी सेवा करता येत नाही म्हणून सॅक्रिस्टनने झाडूने मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले, प्रेमाने चौकशी केली. बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा तो सोळा वर्षांचा अनाथ गवंडी होता. त्या दिवशीच्या छोट्याशा धर्मशिक्षणातून त्यांचे सारे कार्य उभे राहिले.

रविवारी मुले जमू लागली. मग संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. दिवसभर विटा वाहणाऱ्या मुलांना ते लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकवीत. त्या राज्यात नवी दशमान मापे येणार होती. गवंडी आणि सुतारांच्या पोरांना ती समजावीत म्हणून त्यांनी सोप्या भाषेत एक पुस्तिकाच लिहिली. माप कळल्याशिवाय कारागीर पुरा होत नाही, हे ते जाणून होते.

१८४६ साली वाल्दोक्को भागातील पिनार्दी यांची एक पडवी त्यांना भाड्याने मिळाली. त्याच वर्षी आई मार्गारीता आपले गाव सोडून त्यांच्या मदतीला आली. बेघर मुले तिथे राहू लागली. दिवसा ती शहरातल्या मालकांकडे काम शिकायला जात. पण मालक काम शिकवण्याऐवजी त्यांना घरगडी म्हणून राबवीत, मारीत, सणवारीही सोडत नसत. तेव्हा डॉन बॉस्को यांनी मालकांशी स्टँपपेपरवर लेखी करार करायला सुरुवात केली. ८ फेब्रुवारी १८५२ चा एका सुताराबरोबरचा करार प्रसिद्ध आहे. मालकाने खरोखर धंदा शिकवावा, चूक झाली तर तोंडाने समजवावे, हात उगारू नये, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, रविवार आणि सणाचे दिवस मोकळे ठेवावेत, वर्षातून पंधरा दिवस सुटी द्यावी, असे त्यात लिहिले होते. मुलानेही मन लावून आणि आज्ञाधारकपणे काम करावे अशी अट होती. धर्मगुरूची सही मुलाच्या पाठीशी उभी राहिली.

तरीही बाहेरच्या वातावरणात मुले बिघडत. म्हणून १८५३ साली त्यांनी घरातच चांभारकामाचा आणि शिवणकामाचा विभाग सुरू केला. शाळेत असताना शिकलेली विद्या आता कामी आली. त्यांनी स्वतः मुलांजवळ बसून टाके घालून दाखवले. १८५४ मध्ये पुस्तक-बांधणी आली, नंतर सुतारकाम, छापखाना आणि लोहारकाम. १८५९ साली सालेशियन संस्थेचा पाया घातला गेला. १८८६ साली संस्थेने ठरवले, की कारागीर मुलांना धर्म आणि नीती, शालेय ज्ञान आणि धंद्याचे कसब या तिन्ही गोष्टी मिळाल्या पाहिजेत. त्यातली एकही वगळून चालणार नाही.

मुलींचे काय, असा प्रश्न काही मातांच्या मनात येईल. मोर्नेझे गावच्या मारिया माझारेल्लो हिला आजारपणामुळे शेतातले कष्ट झेपेनासे झाले. तेव्हा ती गावच्या शिंप्याकडे शिवण शिकली आणि गावातल्या मुलींना शिकवू लागली. तिच्याबरोबर डॉन बॉस्को यांनी १८७२ साली धर्मभगिनींची संस्था स्थापन केली. तीही आज संत आहे.

डॉन बॉस्को ३१ जानेवारी १८८८ रोजी प्रभूच्या घरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाला, त्यांना संतपद मिळाले. १९५८ साली पोप पायस बारावे यांनी त्यांना इटलीतील उमेदवार कारागिरांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांचे सालेशियन धर्मगुरू १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईला आले.

ही वाट आपल्या मातीलाही परकी नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली महात्मा गांधींनी शिक्षणपरिषद भरवून हाताच्या उत्पादक कामाला शाळेत मानाचे स्थान द्या असा आग्रह धरला. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. त्यातून आठवी ते दहावीच्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती आणि आरोग्य हे सारे हाताने करून शिकवण्याची पद्धत अनेक शाळांत पोहोचली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावीपासून मुलांना व्यवसायांची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे शिकणे आणि राबवून घेणे यांतला फरक ओळखावा. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. शाळा बुडवून कापूस वेचायला नेणे म्हणजे कसब शिकवणे नव्हे. दुसरी गोष्ट, मुलांच्या शाळेत व्यवसाय किंवा तांत्रिक विषय आहे का, याची चौकशी करावी. आयटीआयच्या काही अभ्यासक्रमांना आठवी पास पुरते, बहुतेकांना दहावी लागते. म्हणून दहावी सोडू देऊ नये. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. वायरमन, गवंडी, शिंपी, फिटर यांना कमी लेखायचे आपण सोडावे. आपल्या धर्मग्रामातच अशी कसबी माणसे आहेत. सुटीच्या दिवशी त्यांनी दोन-चार मुलांना जवळ बसवून आपले काम दाखवले तर वाल्दोक्कोची ती पडवी आपल्या गावातही उभी राहील.

नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभू येशूला हाताच्या कामाची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी? येत्या परीक्षेला बसणाऱ्या सर्व मुलामुलींना, जे पुढे असतील त्यांना आणि जे मागे राहतील त्यांनाही, या संताच्या हाती सोपवू या.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती कर.