निवृत्तीनंतरची ४८ वर्षं : महर्षी कर्वे म्हातारपणात एकटे का पडले नाहीत?

साल १९१४. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे एक प्राध्यापक निवृत्त झाले. वय ५६. त्या काळाच्या हिशोबाने हे वय नातवंडं खेळवायचं आणि काशीयात्रेचं. पण या प्राध्यापकांच्या आयुष्याची अजून ४८ वर्षं शिल्लक होती, आणि आज ज्या कामांसाठी आपण त्यांना ओळखतो, त्यातली बरीचशी त्यांनी याच ४८ वर्षांत केली.

त्यांचं नाव धोंडो केशव कर्वे. लोकांसाठी अण्णासाहेब, पुढे महर्षी कर्वे.

विधवांच्या शिक्षणाचे आणि महिला विद्यापीठाचे कर्वे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. पण १०४ वर्षांच्या आयुष्यात हा माणूस शिकत कसा राहिला आणि माणसांमध्ये कसा राहिला, याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

सगळंच उशिरा

कर्वेंचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. वाढले दापोलीजवळच्या मुरुडमध्ये. घरची परिस्थिती बेताची. सहावीची परीक्षा द्यायला ते कोकणातून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले. तिथे पोचल्यावर काय झालं? वय लहान दिसतंय म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही.

त्यामुळे मॅट्रिक व्हायला त्यांना वयाचं २३ वं वर्ष उजाडलं. मुंबईत शिकवण्या करत त्यांनी १८८४ मध्ये बीए पूर्ण केलं. शिकण्याचं वय निघून गेलं, हे वाक्य त्यांच्या बाबतीत सुरुवातीपासूनच खोटं ठरत होतं.

गावाने वाळीत टाकलं

१८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनमध्ये त्यांचं शिक्षण सुरू झालं, तेसुद्धा विशी ओलांडल्यावर. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. सगळे त्यांना बाया म्हणायचे.

या लग्नाची किंमत मोठी होती. मुरुड गावाने कर्वेंवर बहिष्कार टाकला. सख्ख्या भावाच्या घरात त्यांना थारा दिला, तर भावालाही वाळीत टाकलं जाईल अशी अवस्था. आपली माणसं असूनही एकटं पडणं म्हणजे काय, हे कर्वेंनी पस्तिशीतच अनुभवलं होतं.

म्हणून पुढचं काम नीट बघायला हवं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. आजचं कर्वेनगर ते हेच. कॉलेजात शिकवायचं आणि चिखल तुडवत हिंगण्याला पायी जायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. आश्रमात शिकणं तर होतंच, पण घरादाराने टाकलेल्या बायकांना तिथे एकमेकींची सोबतही मिळायची.

आश्रमात शिकलेल्या पार्वतीबाई आठवले या बायांच्या धाकट्या बहीण. त्यासुद्धा विधवा. अक्षरओळख झाली तीच मोठेपणी. पुढे आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी जमवली. आणि १९१८ मध्ये, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, इंग्रजी शिकायला त्या थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या.

एक पुस्तिका आणि एक विद्यापीठ

आता पुन्हा निवृत्तीकडे येऊ. १९१५ च्या सुमारास बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली एक पुस्तिका कर्वेंच्या हातात आली. विषय होता जपानमधलं महिला विद्यापीठ. पुस्तिका वाचून बाजूला ठेवण्याऐवजी कर्वेंनी असंच विद्यापीठ आपल्याकडे काढायचं ठरवलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं.

१९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा कर्वे होते ५८ वर्षांचे. पुढे १९२० मध्ये उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. हेच आजचं एसएनडीटी, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ.

सत्तरीनंतर जग बघायला

विद्यापीठ उभं राहिलं, नाव झालं. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मार्च १९२९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, कर्वे बोटीत बसून युरोपला निघाले.

हे पर्यटन नव्हतं. ते शिक्षणावरच्या परिषदांना गेले, लंडनमध्ये भाषण केलं, बर्लिनमध्ये अल्बर्ट आईनस्टाईनना भेटले. तिथून अमेरिका आणि मग जपान. ज्या देशाबद्दल पुस्तिकेत वाचून विद्यापीठ काढलं, तो देश त्यांनी म्हातारपणी स्वतः पाहिला. १९३० मध्ये परत आले आणि त्याच वर्षाच्या शेवटी आफ्रिकेला निघाले. तिथल्या भारतीयांना भेटत, विद्यापीठासाठी पैसे जमवत ते वर्षभराहून जास्त काळ फिरले.

पुन्हा दारोदार

१९३६. वय ७८. आपलं लुकिंग बॅक हे इंग्रजी आत्मचरित्र त्यांनी याच वर्षी प्रसिद्ध केलं. म्हणजे मागे वळून बघायचं वय झालं होतं. पण त्याच वर्षी त्यांनी खेड्यांमधल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळही काढलं. कारण साधं होतं. ज्या गावात सरकारी शाळा पोचली नाही, तिथली पोरं शिकणार कुठे? त्यासाठी ते पुन्हा लोकांच्या दारात गेले. छोट्या छोट्या वर्गण्या गोळा केल्या, स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधूनही पैसे दिले.

१९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. उद्देश जातिभेद मोडण्याचा. विषय नवा, वाद नवे आणि बरोबरची माणसंही नवी.

जवळची माणसं गेली तेव्हा

दीर्घायुष्याची एक बाजू कुणालाच चुकत नाही. १९५० मध्ये बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांची सोबत संपली. १९५३ मध्ये थोरला मुलगा गेला, संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचलेले रघुनाथ धोंडो कर्वे. नव्वदी पार केलेल्या बापाने ७१ वर्षांच्या मुलाचं जाणं पाहिलं.

हे दुःख कुठल्याही कामाने पुसलं जात नाही. पण कर्वेंचं जग फक्त घरापुरतं नव्हतं. हिंगण्याच्या संस्थेत दरवर्षी नव्या मुली येत होत्या. बरोबरीचे लोक गेले तरी पुढच्या पिढ्या त्यांच्या ओळखीच्या होत्या, कारण प्रत्येक दशकात त्यांनी नवं काम घेतलं आणि त्या कामाने नवी माणसं आणली.

१९५८ मध्ये त्यांनी शंभरी गाठली. त्याच वर्षी भारतरत्न मिळालं आणि टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. जिवंतपणी भारताच्या टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ व्या वर्षी, ते गेले.

सगळ्यांना विद्यापीठ काढणं जमणार नाही, आणि सगळ्यांना इतकं आयुष्य आणि अशी तब्येतही मिळत नाही. पण रिटायर झालेल्या आई-बाबांना आपण बहुतेक वेळा सांगतो की आता फक्त आराम करा. काळजीपोटीच सांगतो. कर्वेंची ४८ वर्षं बघितली की वाटतं, आरामाबरोबर त्यांना आणखी एक गोष्ट विचारायला हवी : आता नवीन काय शिकायचंय, आणि कुणाबरोबर?