अलबेल्याची पावलं

मुरबाड-शहापूरकडच्या कुठल्याही गावात हळदीला गेलात, की रात्री एक ठराविक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. बेंजोवाल्यांची कोळीगीतं वाजवून झालेली असतात, पोरासोरांचा धांगडधिंगा जरा ओसरलेला असतो आणि मंडपाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले कुणी आजोबा टोपी सारखी करून हळूच उठतात. बेंजोवाल्याला खूण होते, तोही ओळखून ठेका बदलतो. मग आजोबा गुडघ्यात किंचित वाकतात, एक हात हवेत उचलतात, कमरेला जेमतेम झोका देतात आणि दोन-दोन इंचांची पावलं टाकत पुढे सरकू लागतात. अख्खा मांडव त्यांच्यामागे रांग धरतो. नवरदेवसुद्धा पाटावरून उठतो!

या नाचाला कसला क्लास लागत नाही. तो ज्याचा आहे, त्यानंही कुठला क्लास लावला नव्हता. नाव भगवान आभाजी पालव. मास्टर भगवान ही पडद्यावरची ओळख आणि भगवानदादा ही माणसांतली.

दादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामगार. बालपण गेलं ते दादर-परळच्या गिरणगावात, म्हणजे भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या, पहाटे पाळीवर जाणाऱ्या आणि रात्री तालमीत नाहीतर नाटकाच्या तालमीत रमणाऱ्या वस्तीत. दादांनी दोन्ही तालमींची आवड घेतली. शिक्षण फारसं झालं नाही. अंग मात्र कमावलेलं होतं आणि डोक्यात सिनेमा शिरला होता. तो जमाना मूकपटांचा. मास्टर विठ्ठलच्या तलवारबाजीवर पिटातली जनता जीव टाकायची. आवाज नसलेल्या पडद्यावर उड्या मारणारा माणूस राजा असे, आणि उड्या तर या गिरणी कामगाराच्या मुलालाही मारता येत होत्या. १९३१ च्या ‘क्रिमिनल’पासून त्याचा पडद्यावर वावर सुरू झाला. त्याच वर्षी ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला, हा योगायोग गमतीचा आहे.

१९३८ मध्ये ‘बहादूर किसान’च्या दिग्दर्शनात दादांचा वाटा होता. त्यानंतरची दहा-बारा वर्षं त्यांनी स्टंटपटांवर काढली. कमी पैशांत, कमी दिवसांत उरकलेले मारधाडीचे चित्रपट. कथा, दिग्दर्शन, अभिनय, हाणामारी, सगळं घरचंच. शहरातल्या सुशिक्षितांनी हे चित्रपट पाहिले नाहीत, वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली नाही. त्यांचा प्रेक्षक म्हणजे गिरणीतला कामगार, बंदरावरचा हमाल आणि जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसणारा शेतकरी. म्हशाच्या जत्रेला बैल विकायला आलेल्या माणसाला सामाजिक आशय नको असतो, त्याला बैल विकला गेल्याचा आनंद साजरा करायचा असतो! त्या प्रेक्षकाची नस दादांना सापडली ती याच काळात. त्या चित्रपटांपैकी आज जवळजवळ काहीच पाहायला मिळत नाही, ही आपल्याकडच्या अनास्थेची आणखी एक गोष्ट. असो.

या काळातली एक गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. परळच्या या मराठी माणसानं तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केले आहेत. त्या काळी दक्षिणेतले कितीतरी चित्रपट मुंबई-कोल्हापूर-कलकत्त्याच्या स्टुडिओंत तयार होत. दादांचा ‘जयक्कोडी’ १९४० चा आणि ‘वनमोहिनी’ १९४१ चा. ‘वनमोहिनी’चे नायक होते एम. के. राधा, पुढे १९४८ च्या ‘चंद्रलेखा’मुळे देशभर गाजलेले. नायिका थवमणी देवी, सिंहलद्वीपातून आलेली. सगळी गोष्ट जंगलातली. भाषेची अडचण आली नसेल का? आली असेलच. पण उडी, ठोसा आणि घसरून पडणं यांना व्याकरण लागत नाही, हे दादा मूकपटांतच शिकले होते. या दोन्ही तमिळ चित्रपटांना संगीत होतं पुणतांब्याच्या एका तरुण संगीतकाराचं. रामचंद्र चितळकर त्याचं नाव. म्हणजे पुढे ज्यांच्या चालींवर सारा हिंदुस्थान डोलला त्या सी. रामचंद्रांची संगीतकार म्हणून सुरुवात तमिळमधून झाली आणि ती करून दिली भगवानदादांनी. १९४२ च्या ‘सुखी जीवन’मध्ये ही जोडी हिंदीत आली. मैत्री अशी जमली, की ती दोघांच्याही आयुष्याचा भाग होऊन गेली.

१९४२ साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहतं, आणि ती गोष्ट सुखाची नाही. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात दादांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. तालमीतला हात, अंदाज चुकला. तडाखा असा बसला, की ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. उपचार तीन वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. त्या तेव्हा नायिकेच्या भूमिका करणाऱ्या होत्या. ते दार एका क्षणात बंद झालं. येवल्याच्या त्या जिद्दी बाईनं पुढे ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई उभी केली, हिंदी पडद्यावरची खाष्ट सासू अजरामर केली आणि दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ात मंथरा होऊन पुन्हा घराघरांत पोचली. तो अधू डोळाच तिचं हत्यार झाला, असं लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. डोळा गेला तो गेला. दादांना या चुकीची खंत आयुष्यभर राहिली, आणि ती राहणंच योग्य होतं.

त्याच सुमारास दादा निर्माते झाले. जागृती पिक्चर्स ही संस्था आली, १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. १९४९ चा ‘भेदी बंगला’ हा रहस्यपट लोकांना आवडला. तेव्हा राज कपूर यांनी दादांना मारधाड सोडून सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला, असं सांगतात. दादांनी तो मानला आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला.

‘अलबेला’चं कथानक चार ओळींत संपतं. प्यारेलाल हा कामधंदा न जमणारा, नाटकाचं वेड घेतलेला मुलगा. बहिणीच्या लग्नाला पैसे हवेत, ते जुळत नाहीत, बोलणी बसतात, तो घर सोडतो. रंगभूमीवर नाव कमावतो, घरी पैसे पाठवतो आणि ते घरच्यांना मिळतच नाहीत, मधल्यामध्ये गिळंकृत होतात. यात गिरणगावातल्या प्रत्येक घराला स्वतःचं काहीतरी दिसलं. मनीऑर्डर पोचली की नाही, ही त्या घरांची रोजची काळजी होती! वर सी. रामचंद्रांचं संगीत. गोव्याच्या वादकांनी वाजवलेली पाश्चात्त्य वाद्यं, बोंगोचा ठेका, आणि त्याच चित्रपटात लताबाईंच्या आवाजातली ती अंगाई. पडद्यावरच्या भगवानला आवाज चितळकरांचा, म्हणजे खुद्द सी. रामचंद्रांचा.

नायिका गीता बाली. तिच्याविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. ठेंगणा, जाडसर, चाळिशीकडे झुकलेला, रूपाच्या नावानं आनंद असलेला नायक. आणि शेजारी ही चैतन्याची मूर्ती. तिनं हा नायक हसतमुखानं स्वीकारला, त्याच्या ठेक्यावर ठेका धरला. ती सोबत नसती तर ते नाच विनोदी वाटले असते, आनंदी वाटले नसते. १९६५ मध्ये देवीच्या आजारानं ती गेली.

त्याच वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’ही लागले होते. राज कपूर आणि देव आनंद यांच्या रांगेत हा चाळीतला माणूस जाऊन बसला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला. आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी होत्या, हे तर दंतकथेसारखं सांगितलं जातं.

आणि मग ते सगळं गेलं. १९५३ चा ‘झमेला’, १९५६ चा किशोरकुमारला घेऊन केलेला ‘भागम भाग’, पण ‘अलबेला’ पुन्हा जमला नाही. किशोरकुमारलाच घेऊन सुरू केलेला ‘हंसते रहना’ अर्धाच राहिला आणि त्यात घातलेला पैसा बुडाला. ‘लाबेला’ १९६६ मध्ये आला, तोही चालला नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. दादा दादरच्या चाळीत परत आले.

या पडझडीवर आपल्याकडे फार प्रवचनं झाली आहेत. उधळेपणा, मद्य, मोटारी. पण जरा हिशेब मांडा. जो माणूस स्वतःच्याच पैशानं चित्रपट काढतो, त्याचा एक चित्रपट पडला की घरातली भांडी हलतात आणि दोन पडले की घर हलतं. कारखानदाराचं नुकसान कंपनी सोसते, दादांचं नुकसान दादांनीच सोसलं. दोष त्यांचाही होता, पण सगळा मोटारींचा नव्हता.

त्यानंतर दादांनी जे केलं ते मला बंगल्यापेक्षा मोठं वाटतं. मिळेल ती भूमिका ते करत राहिले. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘चोरी चोरी’त त्यांना निदान नीट जागा होती. पुढे पुढे वरातीतला नाचणारा, हॉटेलातला गिऱ्हाईक, गर्दीतला एक चेहरा. दोन मिनिटांचं काम. प्रेक्षक ओळखून टाळी देत आणि चित्रपट पुढे जाई. अमिताभ बच्चन यांच्या नाचात दादांची पावलं सर्वांनी ओळखली. तरुण नायक करोडोंत खेळत होते आणि त्या पावलांचा मूळ मालक दादरला लल्लूभाई मॅन्शनमध्ये राहत होता. १९७५ नंतर जन्मलेल्या पिढीला तो विनोदी म्हातारा एवढाच ठाऊक. ४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये मंगेश देसाई यांनी ‘एक अलबेला’मध्ये त्यांची भूमिका केली, तेव्हा नव्या मुलांना निदान नाव कळलं.

दादरच्या जुन्या माणसांकडून एक आठवण ऐकायला मिळते. गणपतीची मिरवणूक लल्लूभाई मॅन्शनपाशी आली, की थांबायची. बॅण्डवाले ‘अलबेला’ची चाल धरायचे आणि सगळ्या माना वर व्हायच्या. थोड्या वेळानं जिन्यावरून दादा सावकाश खाली यायचे. रस्ता मोकळा व्हायचा. ते गुडघ्यात किंचित वाकायचे, हात वर करायचे, चार पावलं टाकायचे. मग मिरवणूक चौपाटीकडे निघायची आणि दादा जिना चढून परत वर जायचे.