मुलांचे कैवारी लॉर्ड शॅफ्ट्सबरी

अँथनी ॲशली कूपर, म्हणजेच पुढें लॉर्ड शॅफ्ट्सबरी, यांचा जन्म १८०१ सालीं लंडन येथें एका उमराव घराण्यांत झाला. घरीं संपत्ति विपुल. आईबापांची माया मात्र नव्हती. एका वृद्ध कारभारणीनें त्यांस प्रार्थना शिकविली. मरतांना तिनें दिलेलें घड्याळ त्यांनीं जन्मभर बाळगिलें.

१८२६ सालीं ते पार्लमेंटांत गेले. त्या काळीं सुताच्या गिरण्यांत लहान मुलें रोज बारा-बारा तास राबत. १८३३ च्या कायद्यानें नऊ वर्षांखालील मुलांस बहुतेक कापडगिरण्यांत मज्जाव झाला व सरकारी निरीक्षक नेमले गेले. निरीक्षकांवांचून कायदा कागदावरच राहतो, हें पूर्वींच्या कायद्यांनीं दाखविलेंच होतें! १८४२ सालीं त्यांच्या खटपटीनें स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांस खाणींत उतरविणें बंद झालें.

स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुलें यांचें काम दहा तासांवर आणणारें बिल मात्र अडूनच राहिलें. १८४६ सालीं धान्यावरील जकातीविषयीं मत पालटल्यामुळें, मतदारांची फसवणूक होऊं नये म्हणून, त्यांनीं आपण होऊन जागा सोडिली. पुढच्याच वर्षीं तें बिल जॉन फील्डेन यांच्या हातून मंजूर झालें. वर्षानुवर्षें झटलेला मनुष्य तेव्हां सभागृहाबाहेर होता.

हिंदुस्थानांतील गिरणीकामगार मुलांचा प्रश्नहि त्यांनीं लॉर्डांच्या सभेंत मांडिला. येथील १८८१ च्या कायद्यानें सातच वर्षांखालील मुलांस बंदी झाली. मर्यादा किती तोकडी!

१८८५ सालीं ते निवर्तले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें प्रार्थना झाली, परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणें दफन गांवींच झालें.