फ्रीडरिश मीशर : पुवात गवसलेला वारसा
स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १८४४ मध्ये जन्मलेले फ्रीडरिश मीशर वैद्यक शिकले; परंतु श्रवणशक्ती अधू असल्याने त्यांनी रुग्णसेवेऐवजी रसायनशास्त्राची वाट धरली. जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत ते रुग्णालयातील पुवाने माखलेल्या पट्ट्या धुऊन पांढऱ्या पेशी वेगळ्या करीत. १८६९ मध्ये त्या पेशींच्या केंद्रकांतून त्यांना प्रथिनांहून निराळे, फॉस्फरसयुक्त द्रव्य मिळाले. त्यास त्यांनी ‘न्यूक्लिन’ हे नाव दिले. गुरू होप्पे-झायलर यांनी प्रयोग स्वतः पडताळल्यानंतरच, १८७१ मध्ये, निबंध प्रसिद्ध झाला. १८९५ मध्ये क्षयाने मीशर यांचे निधन झाले. आनुवंशिकतेचा वाहक हाच पदार्थ असल्याचे एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले ते १९४४ मध्ये, मीशर यांच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी. आज आपण त्याला डीएनए म्हणतो.