सार्वजनिक काकांचा कागद

बँकेत असताना माझा निम्मा दिवस सह्या घेण्यात जायचा. कर्ज द्यायचे म्हणजे वचनचिठ्ठी, गहाणखत, जामीनपत्र असे दहा-बारा कागद पुढे ठेवायचे आणि फुली मारलेल्या जागा दाखवायच्या. एकदा एका म्हातारीने अंगठ्याला शाई लावण्याआधी, यात लिहिलेय तरी काय, असे विचारले. बाहेर रांग होती. नेहमीचेच आहे, असे सांगून मी तिचा अंगठा टेकवून घेतला. मुलाच्या कर्जाला आपण जामीन आहोत, हे तिला वसुलीची नोटीस गेली तेव्हा कळले. निवृत्तीनंतर सार्वजनिक काकांविषयी वाचताना ती म्हातारी सारखी डोळ्यांसमोर येत राहिली.

काकांचे नाव गणेश वासुदेव जोशी. जन्म १८२८, साताऱ्याचा. पुण्यात येऊन त्यांनी आधी कचेरीत नोकरी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा दिली. कचेरीतली कारकुनी आणि वकिली, दोन्ही केल्यामुळे सरकारी कागदाची ताकद त्यांना आतून ठाऊक होती. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचे ते प्राण होते. या सभेची एक अट मला फार आवडते. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे सहा हजार लोक उभे होते. ज्या दस्ताने माणसे एरवी जमिनी गमावत, त्याच दस्ताचा उपयोग काकांनी लोकांचे म्हणणे सरकारपुढे मांडण्यासाठी केला.

तो काळच कागदाच्या धास्तीचा होता. निरक्षर कुणबी सावकाराच्या खतावर निशाणी करी, आत आकडा किती हे त्याला ठाऊक नसे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले, ते मुख्यतः ही खते मिळवून जाळण्यासाठी. दावा लढवायचा तर मुद्रांक, वकील, तारखा, हेलपाटे! हा खर्च टळावा म्हणून काकांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट निघाले. दोन्ही बाजूंनी पंचांपुढे यावे, थोडक्या खर्चात निकाल घ्यावा आणि घरी जावे, अशी ती सोय होती.

१८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने गावनिबंधक नेमले. शेतकऱ्याचे कर्जखत त्यांच्या देखरेखीखाली लिहिले जावे, त्याला समजावून मगच त्याची सही घ्यावी, असा त्यामागचा हेतू होता. मी बँकेत जे टाळले, ते शंभर वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलेले होते!

त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला उभा राहिला. सरकारचा रोष ओढवून घ्यायला वकील धजेनात. काका उभे राहिले. स्वतः काका सनदशीर मार्गाचे. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते खादीचा पोशाख घालून गेले, पण हातात होते ते सभेचे मानपत्र. फडक्यांचा सशस्त्र मार्ग त्यांचा नव्हता. तरीही आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, या बाबतीत त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. फडक्यांना जन्मठेप झाली आणि एडनला धाडण्यात आले. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, काका गेले.

काका एकट्याने करू पाहत होते, ते आज सरकारवर बंधनकारक आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने जिल्ह्याजिल्ह्याच्या न्यायालयात मोफत मदतीची व्यवस्था केली. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तर उत्पन्नाची अटही नाही. सल्ला मिळतो, अर्ज-दावे लिहून मिळतात, वकील मिळतो. पण हे माहीत किती जणांना असते? त्या म्हातारीला नव्हते, आणि मीही सांगितले नाही.

आता शेजारपाजारचे कोणी कागद घेऊन आले की मी चष्मा लावतो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागतो. वेळ लागतो. लागू दे.