चेनचा शिल्पकार : गिडियन सुंडबॅक

नाशिक जिल्ह्यात देवळा हे तालुक्याचे गाव आहे. आसपासच्या मळ्यांतील कांदा या गावच्या बाजारात येतो आणि बाजारकरूंबरोबर त्यांची मुलेही येतात. जून महिना उजाडला आणि शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले, की शिंप्याच्या दुकानात गर्दी होऊ लागते. कोणाला गणवेशाची नवी पँट हवी असते, तर कोणाला थोरल्या बहिणीचा स्कर्ट कंबरेत आवळून हवा असतो. एखाद्या मुलाच्या पँटची चेन मध्येच अडकलेली असते. एखाद्या मुलीच्या स्कर्टची चेन वर ओढावी, तो खालून ती आपोआप उघडत जाते. शिंपी अडकलेल्या चेनच्या दातांवर मेणबत्तीचा तुकडा चोळतो. उघडत जाणाऱ्या चेनचा रनर तो पक्कडीत धरून दोन्ही बाजूंनी अलगद दाबतो. क्षणापूर्वी निकामी वाटणारी चेन पुन्हा सुरळीत चालू लागते.

ही वस्तू बोटभर रुंदीची. परंतु ती अशी बिनचूक मिटावी आणि उघडावी, यासाठी एका माणसाने आपली ऐन उमेदीची वर्षे वेचली. त्या माणसाचे नाव गिडियन सुंडबॅक.

युरोपच्या उत्तरेस स्वीडन नावाचा थंड हवेचा देश आहे. त्या देशाच्या स्मोलंड प्रांतात 24 एप्रिल 1880 रोजी गिडियनचा जन्म झाला. त्याचे वडील शेतकरी होते. घरची स्थिती चांगली होती, त्यामुळे मुलाच्या शिक्षणात अडचण आली नाही. स्वीडनमधील शिक्षण संपवून तो जर्मनीत गेला. ऱ्हाइन नदीच्या काठी बिंगेन नावाचे गाव आहे. तेथील तंत्रविद्यालयात त्याने अभ्यास केला आणि 1903 साली तो अभियंत्याची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्या काळी युरोपातील हजारो तरुण नशीब काढण्यासाठी अमेरिकेची वाट धरीत असत. 1905 साली गिडियननेही समुद्र ओलांडला. पिट्सबर्ग शहरात विजेची यंत्रे तयार करणाऱ्या वेस्टिंगहाउस या मोठ्या कंपनीत त्याला काम मिळाले.

तेथेच तो राहिला असता, तर विजेच्या प्रचंड यंत्रांवर त्याचे आयुष्य गेले असते. परंतु 1906 साली तो होबोकेन या गावी गेला आणि युनिव्हर्सल फासनर नावाच्या एका लहान कंपनीत नोकरीस लागला. ही कंपनी एक विलक्षण वस्तू विकू पाहत होती. आणि त्या वस्तूमुळे तिची सर्वत्र फजिती होत होती.

त्या वस्तूची कल्पना व्हिटकॉम्ब जडसन या अमेरिकन संशोधकाची होती. त्या काळी लोक घोट्याच्या वरपर्यंत येणारे उंच बूट वापरीत. त्यांना एकामागून एक अशी अनेक बटणे असत. ती लावता लावता माणूस कंटाळून जाई. एकच खटका ओढावा आणि सारा बूट मिटावा, अशी युक्ती जडसन यांनी काढली व 1893 साली तिचे पेटंट, म्हणजे ती युक्ती वापरण्याचा हक्क, मिळवला. त्यांच्या युक्तीत एका बाजूस आकड्यांची ओळ होती आणि दुसऱ्या बाजूस त्या आकड्यांसाठी कड्यांची ओळ होती. मधून एक सरकता तुकडा फिरवला, की आकडे कड्यांत अडकत. कल्पना उत्तम होती, पण वस्तू दगा देई.

पुढे हीच युक्ती सुधारून ती स्त्रियांच्या घागऱ्यांना आणि पुरुषांच्या पाटलोणींना लावण्यासाठी विकावयास काढण्यात आली. मग तर तिचे दोष अधिकच उघडे पडले. अंग वाकवले, की ताण पडून आकडे एकाएकी सुटत. भर रस्त्यात घागऱ्याची शिवण उघडी पडली, तर त्या बाईला किती लाजिरवाणे वाटत असेल, याची कल्पना कोणालाही येईल. कधी उलट प्रकार घडे. आकडे असे गुंतून बसत, की कपडा काढणेच कठीण होई. शिवाय ते गंजत असल्यामुळे कपडा धुण्यापूर्वी सारी पट्टी उसवून काढावी लागे. एवढा त्रास सोसण्यापेक्षा चार बटणे लावलेली काय वाईट, असे गिऱ्हाइकांना वाटले तर त्यात नवल नव्हते.

अशा वेळी सुंडबॅक कामावर रुजू झाले. त्यांनी प्रथम आकड्यांची ठेवण सुधारली. आकडे कापडी पट्टीवर नुसते टाचलेले असल्यामुळे निसटत असत. ते पट्टीच्या काठाला घट्ट वेढून बसतील, अशी योजना त्यांनी केली. नवी वस्तू आधीच्या वस्तूहून बरी होती. तरीही अंग वाकवले, की ती उघडावयाची ती उघडेच.

1909 साली कारखान्याचे व्यवस्थापक ॲरनसन यांच्या एल्विरा नावाच्या कन्येशी सुंडबॅक यांचा विवाह झाला. परक्या देशात त्यांना आपले घर मिळाले. परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. 1911 साली मुलीला जन्म दिल्यानंतर थोड्याच काळात एल्विरा मरण पावली. सुंडबॅक यांचे वय तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते. घर ओस पडले होते. इकडे कंपनीवर कर्जाचा भार वाढत होता आणि गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला होता. अशा स्थितीत हा नाद सोडून ते पुन्हा विजेच्या यंत्रांकडे वळते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी आपले दुःख कामात बुडवले. दिवसा कारखाना आणि रात्री आराखड्यांचे कागद, असा त्यांचा क्रम सुरू झाला. लुईस वॉकर नावाच्या एका वकिलाने या कंपनीत पैसा गुंतवला होता. इतरांनी आशा सोडली तरी त्यांनी ती सोडली नाही आणि सुंडबॅक यांच्या पाठीशी ते उभे राहिले.

सुंडबॅक यांनी आता मुळालाच हात घातला. दोष आकड्याच्या ठेवणीत नसून आकड्यातच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. आकडा एका बाजूने अडकतो. म्हणून वाकवताच तो दुसऱ्या बाजूने सुटतो. तेव्हा आकडा नकोच, असे त्यांनी ठरवले. 1912 सालच्या सुमारास त्यांनी बिनआकड्याची पहिली चेन तयार केली. तिच्या एका पट्टीवर धातूचे लहान चिमटे होते आणि ते दुसऱ्या पट्टीचा जाड काठ पकडून ठेवीत. वाकवले तरी ती उघडत नसे. सर्वांना वाटले, की प्रश्न सुटला. परंतु थोड्याच वापरात चिमट्यांनी कापडाचा काठ झिजून गेला आणि ती चेन निरुपयोगी ठरली. सहा-सात वर्षांच्या श्रमांचे फळ पुन्हा हातातून निसटले.

या अपयशातूनच पुढची वाट दिसली. धातूने कापड धरले, तर कापड झिजते. मग धातूनेच धातू धरावा. डिसेंबर 1913 पर्यंत सुंडबॅक यांनी नव्या चेनचा आराखडा सिद्ध केला. त्यात दोन्ही पट्ट्यांवर अगदी एकसारखे दात होते. प्रत्येक दाताच्या एका अंगावर बारीक उंचवटा आणि दुसऱ्या अंगावर तेवढाच खळगा होता. समोरासमोरचे दात आळीपाळीने एकमेकांत शिरले, की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात नेमका बसे.

याचे मर्म स्वयंपाकघरातील वाट्यांवरून सहज कळते. एकात एक बसवलेल्या वाट्यांची चळत दोन्ही टोकांनी घट्ट दाबून धरली, तर मधली वाटी आडवी ओढून निघत नाही. चळत थोडी सैल केली, की तीच वाटी अलगद बाहेर येते. मिटलेल्या चेनमध्ये प्रत्येक दात शेजारच्या दोन दातांमध्ये असाच अडकलेला असतो. त्याला हलावयास जागाच नसते. म्हणून चेन आडवी ओढली तरी उघडत नाही. रनरच्या पोटात मात्र इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची वाट असते. त्या वाटेतून जाताना पट्ट्या वाकतात आणि दातांमध्ये क्षणभर फट पडते. त्या फटीत समोरचा दात शिरतो. रनर पुढे सरकताच पट्ट्या सरळ होतात आणि फट बुजते. रनर उलट ओढला, की फट पुन्हा पडते व दात सुटतात. जुन्या चेनमध्ये एका इंचात चार आकडे असत. सुंडबॅक यांनी एका इंचात दहा-अकरा दात बसवले. त्यामुळे ओढ सर्व दातांवर सारखी वाटली जाऊ लागली.

तरीही काम संपले नव्हते. इतके बारीक आणि एकसारखे दात हाताने करीत बसले, तर ती चेन सोन्याच्या मोलाची झाली असती. एक दात किंचित मोठा झाला, तरी सारी चेन अडणार होती. म्हणून चेन तयार करणारे यंत्रही सुंडबॅक यांनीच रचले. या यंत्रात वाय आकाराची तार घातली जाई. यंत्र तिचा पातळ काप काढी, त्यावर दाबून उंचवटा व खळगा उमटवी आणि त्या कापाचे दोन पाय कापडी पट्टीच्या काठावर आवळून बसवी. धातूचा कणही वाया जात नसे. हे यंत्र दिवसाला शेकडो फूट चेन तयार करू लागले. 20 मार्च 1917 रोजी या चेनचे पेटंट सुंडबॅक यांच्या नावे नोंदले गेले. नोकरी धरल्यापासून या घटनेपर्यंत अकरा वर्षे लोटली होती.

दरम्यान कंपनीने होबोकेन सोडून मीडव्हिल या गावी बस्तान हलवले होते. वस्तू उत्तम झाली, पण लोकांचा जुना अनुभव कडू होता. कपडे तयार करणारे कारखानदार चेनचे नाव काढताच मान फिरवीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात खलाशांच्या पैशांच्या कंबरपट्ट्यांना आणि वैमानिकांच्या पोशाखांना ती लावली गेली. तेथे ती टिकली. 1923 साली बी. एफ. गुडरिच या रबराच्या कंपनीने आपल्या पावसाळी बुटांना ही चेन लावली आणि रनर ओढताना होणाऱ्या आवाजावरून त्या बुटांना झिपर हे नाव दिले. पुढे ते नाव बुटांचे न राहता चेनचेच झाले. 1930 नंतर लहान मुलांच्या कपड्यांना चेन आली. आईच्या मदतीवाचून मूल आपले कपडे आपण घालू शकते, हा तिचा मोठाच गुण ठरला. त्याच दशकात स्त्रियांच्या झग्यांना आणि पुरुषांच्या पाटलोणींना ती लागली. ज्या कपड्यांनी एकेकाळी चेनची नाचक्की केली होती, त्याच कपड्यांनी तिला अखेर मान दिला.

सुंडबॅक यांनी पुढे कॅनडातील सेंट कॅथरिन्स या गावीही चेनचा कारखाना चालवला. 1951 साली स्वीडनच्या राजकीय अभियांत्रिकी अकादमीने सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरव केला. 21 जून 1954 रोजी मीडव्हिल येथे, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चेनमध्ये पुढील पिढ्यांनी अनेक सुधारणा केल्या. काही रनरांच्या पोटात आता एक बारीक खिळी असते. रनरची पट्टी खाली पाडून ठेवली, की ती दातांमध्ये अडते आणि पँटची चेन आपोआप खाली घसरत नाही. धातूच्या दातांऐवजी नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या धाग्याचे वेटोळे असलेली हलकी चेन आली. शिवणीत दडून राहणारी, बाहेरून न दिसणारी चेन स्कर्टना लागली. परंतु रनरने फट पाडावी आणि बुजवावी, ही सुंडबॅक यांनी धरलेली रीत बदललेली नाही.

देवळ्याचा शिंपी रनर पक्कडीने दाबतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. वारंवार वापराने रनर झिजतो, त्याची वाट रुंद होते आणि दात एकमेकांत पुरते शिरत नाहीत. दोष दातांत नसून रनरमध्ये आहे, हे शिंप्याला ठाऊक असते. म्हणून तो सारी चेन फेकून देत नाही. दोष नेमका कोठे आहे, हे शोधल्यावाचून वस्तू सुधारत नाही. सुंडबॅक यांनी चेनची पहिली कल्पना काढली नव्हती. दुसऱ्याची अपुरी राहिलेली कल्पना त्यांनी हाती घेतली आणि प्रत्येक फसलेल्या चेनचा दोष शोधीत शोधीत ती पुरी केली. सकाळी शाळेची घंटा होण्यापूर्वी घाईघाईने चेन ओढणाऱ्या मुलाला त्यांचे नाव ठाऊक नसते. पण त्यांच्या अकरा वर्षांच्या श्रमांचे फळ त्याच्या दोन बोटांत असते.