घटक ६ : काकासाहेब कालेलकर – मोकळ्या आभाळाचा छंद

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
• काकासाहेब कालेलकर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• निसर्गात रमण्याचा छंद आणि सार्वजनिक कर्तव्य यांच्यातील संबंध स्पष्ट करता येईल.
• निरीक्षणाचा छंद आणि भाषासमृद्धी यांचे नाते उदाहरणांसह मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. मालट्रक, बसगाड्या आणि रिक्षा यांच्या गर्दीत येथे उभा असलेला मनुष्य सिग्नलकडे पाहतो, घड्याळाकडे पाहतो. आभाळाकडे पाहण्यास त्याला सवड नसते. पुणे रस्त्याने थोडे पुढे गेले की नासर्डी लागते आणि गोदावरीही येथून फार दूर नाही. या दोन्ही नद्या रोज ओलांडणारे हजारो आहेत; त्यांकडे पाहणारे मात्र थोडे. आपल्यापैकी अनेक विद्यार्थी नोकरी, दुकान, शेती अथवा घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. मोकळ्या हवेतील छंद हे सवड असणाऱ्यांचे काम, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. ही समजूत तपासून पाहण्यासाठी या घटकात एका चरित्राचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

उघड्यावर रमणाऱ्या माणसांच्या छंदांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. गळ टाकून मासे धरणे किंवा शिकार करणे हे पहिल्या प्रकारचे छंद होत. त्यांत दिवसाच्या अखेरीस हाती काय लागले, यावर आनंद बराचसा अवलंबून असतो. दुसऱ्या प्रकारात पायी भटकणे, डोंगर चढणे, पक्षी न्याहाळणे, नदीचा उगम शोधणे, तारे ओळखणे इत्यादींचा समावेश होतो. यांत मनुष्य रिकाम्या हाताने घरी परततो. त्याच्याजवळ उरते ती पाहिलेल्याची स्मृती आणि काही नवी नावे. काकासाहेबांचे सारे छंद या दुसऱ्या प्रकारचे होते. त्यांचा कस लागला तो मात्र जेथे मोकळी हवाच नव्हती, अशा ठिकाणी.

६.२ बालपण : नदी, समुद्र आणि अनेक भाषा

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी सातारा येथे झाला. सावंतवाडीजवळील कालेली या मूळ गावावरून घराण्यास हे आडनाव मिळाले. वडील सरकारी नोकरीत होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंबास सातारा, कारवार, बेळगाव, धारवाड अशा निरनिराळ्या ठिकाणी राहावे लागले. भावंडांत धाकट्या असलेल्या दत्तूचे शालेय शिक्षण त्यामुळे सलग झाले नाही; परंतु कृष्णेचा काठ, कारवारचा समुद्र आणि सह्याद्रीचे घाट त्याने लहानपणीच पाहिले. घरी मराठी, बाहेर कोठे कानडी तर कोठे कोकणी, असे त्याचे भाषिक वातावरण होते.

बेळगावजवळील बेळगुंदी येथील मार्कंडी ही छोटी नदी त्यांनी पुढे मैत्रिणीच्या नात्याने लेखनात आणली. गंगा-यमुनांवर लिहिणाऱ्या लेखकाने नकाशात जेमतेम दिसणाऱ्या नदीलाही स्वतंत्र लेख द्यावा, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. नदीचे मोठेपण तिच्या लांबीरुंदीवर नव्हे, आपल्या सहवासावर ठरते, ही त्यांची दृष्टी येथेच घडली.

६.३ हिमालयाची पायी यात्रा

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०७ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन ते पदवीधर झाले. बेळगावचे गणेश विद्यालय, मुंबईचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक आणि नंतर बडोद्याचे गंगनाथ विद्यालय, अशा क्रमाने त्यांनी काम केले. राष्ट्रीय शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या गंगनाथ विद्यालयावर सरकारची वक्रदृष्टी झाली आणि ते बंद पडले. त्यानंतर १९१२ साली काकासाहेब हिमालयाच्या पायी यात्रेस निघाले. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर हे त्यांचे सहप्रवासी होते. या यात्रेवर आधारित ‘हिमालयनो प्रवास’ हे त्यांचे गुजराती पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले आणि भारतीय प्रवासवर्णनांत त्याला मानाचे स्थान मिळाले.

या प्रसंगाचे एकतर्फी कौतुक करणे अभ्यासकाला शोभणार नाही. काकासाहेब तेव्हा विवाहित होते. संसार मागे ठेवून त्यांनी पर्वताची वाट धरली, तेव्हा त्या संसाराचा भार घरातील स्त्रीवर पडला. भटकंतीच्या पुष्कळशा गौरवशाली कथांमागे घरी थांबलेले कोणीतरी असते आणि त्या व्यक्तीचे प्रवासवर्णन सहसा लिहिले जात नाही. छंदाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या चरित्राच्या वाचकाने मनात ठेवावा.

परतल्यानंतर काही काळाने ते शांतिनिकेतनात गेले. तेथे १९१५ साली त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि पुढे ते साबरमती आश्रमात दाखल झाले. साधू होऊ पाहणारा प्रवासी येथे शिक्षक झाला.

६.४ भिंतीआडचे निरीक्षण

१९२३ साली काकासाहेबांना साबरमतीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ज्याने हिमालयाच्या वाटा पायाखाली घातल्या, त्याच्या वाट्यास आता चार भिंती आणि मोजके आवार आले. डोंगर चढणे ही शरीराची क्रिया आहे; तिच्यासाठी डोंगर लागतो. तो नसेल तर छंद संपावा, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. आवारातील मुंग्यांच्या रांगा, कावळे, खारी, मांजरे, भिंतीपलीकडे दिसणारी झाडे हे सारे त्यांच्या निरीक्षणाचे विषय झाले. मुंगीचा मार्ग कोठून निघतो, कोणत्या वेळी कोणता पक्षी येतो, याकडे ते हिमशिखरांकडे पाहावे तितक्याच आस्थेने पाहू लागले. या अनुभवांचे ‘ओतराती दीवालो’, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती, हे छोटे पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झाले. तुरुंगातील लेखनात अन्यायाची तक्रार किंवा तत्त्वचिंतन अपेक्षित असते. या पुस्तकात शेजाऱ्यांची ओळख आहे. ते शेजारी मनुष्येतर आहेत, इतकेच.

छंदाचे खरे साधन डोंगर नसून लक्ष देण्याची सवय आहे, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. ती सवय हिमालयात लागली होती आणि तुरुंगात उपयोगी पडली.

आपली प्रगती तपासा – १
१. छंदांच्या दोन प्रकारांतील मुख्य भेद सांगा.
२. ‘ओतराती दीवालो’ हे पुस्तक रूढ तुरुंगलेखनापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे आहे?

६.५ जोगचा धबधबा : छंद आणि कर्तव्य

१९२७ साली गांधीजींचा कर्नाटकात दौरा चालू असताना शरावती नदीवरील जोगचा धबधबा, म्हणजेच गिरसप्पा, जवळच असल्याचे काकासाहेबांच्या लक्षात आले. हा धबधबा सुमारे २५३ मीटर उंचीवरून कोसळतो. गांधीजींनीही तो पाहावा, असा त्यांनी आग्रह धरला. गांधीजींनी नकार दिला. हाती घेतलेले काम सोडून आपण प्रेक्षणीय स्थळे पाहू लागलो, तर इतरही तेच करतील, असा त्यांचा विचार होता. काकासाहेबांनी मात्र अवश्य जावे, असे त्यांनी सांगितले. कारण शिक्षकाने पाहिलेला धबधबा विद्यार्थ्यांना भूगोलाचा पाठ म्हणून उपयोगी पडतो. महादेवभाई देसाई यांना सोबत नेण्याची विनंतीही गांधीजींनी मान्य केली नाही.

या प्रसंगात दोन भूमिका समोरासमोर येतात. एका भूमिकेत कर्तव्य हे छंदाच्या आड येते आणि यावेच. दुसऱ्या भूमिकेत पाहणे हेच शिक्षकाच्या कर्तव्याचे अंग ठरते. काकासाहेबांनी आपल्या गुरूशी वाद घातला नाही. ते धबधबा पाहून आले आणि त्यांनी त्यावर लिहिले. जोगच्या चार धारांना राजा व तीन इंग्रजी नावे रूढ होती. काकासाहेबांनी ‘राजा’ तसाच ठेवून इतर तिघांना रुद्र, वीरभद्र आणि पार्वती अशी नावे योजली. पुढे ते पुन्हा जोगला गेले आणि पाणी आटलेला जोगही त्यांनी पाहिला. भरलेला धबधबा पाहण्यास सर्वच जातात. कोरड्या कड्यासाठी वेगळा लेख लिहिणे हे खऱ्या छंदिष्टाचे लक्षण होय.

६.६ येरवडा : ताऱ्यांची ओळख

मिठाच्या सत्याग्रहानंतर, १९३० साली, काकासाहेबांना येरवड्याच्या तुरुंगात काही महिने गांधीजींच्या सहवासात ठेवण्यात आले. आकाशदर्शन हा त्यांचा जुना छंद होता आणि त्यासाठी तुरुंगाची जागा वाईट नव्हती. भिंत क्षितिज झाकते, माथ्यावरचे आकाश झाकत नाही. गांधीजींना या विषयाची गोडी लावण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तेव्हा ती गोडी फारशी रुजली नाही. परंतु १९३२ साली पुन्हा येरवड्यात असताना गांधीजी स्वतः तारे पाहू लागले, त्यांविषयीची पुस्तके वाचू लागले आणि काकासाहेबांना त्यासंबंधी पत्रे लिहू लागले. लेडी प्रेमलीला ठाकरसी यांच्याकडून त्यांच्यासाठी दुर्बिणीही आल्या. कामाच्या दिवसांत धबधब्यासाठी वाट वाकडी न करणाऱ्या गांधीजींनी पाच वर्षांनी तुरुंगाच्या अंगणात आकाशाला वेळ दिला. एकाचा छंद दुसऱ्याकडे संक्रमित होण्यास कधीकधी अशी वर्षे लागतात.

ताऱ्यांकडे पाहताना काकासाहेब आपल्या परंपरेतील नावांचा आधार घेत. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध, अगस्त्य, सप्तर्षी ही नावे मराठी शेतकऱ्याला आणि पंचांग पाहणाऱ्या गृहिणीला परिचित असतात. मात्र नाव ठाऊक असलेला तारा आकाशात दाखवता येणारे थोडे. ज्ञान शब्दात उरले आणि दृष्टीतून निसटले, अशी ही स्थिती आहे. शब्दाला पुन्हा वस्तूशी जोडणे, हे काकासाहेबांच्या छंदाचे महत्त्वाचे कार्य होते.

६.७ छंद आणि भाषा

काकासाहेबांची मातृभाषा मराठी. त्यांचे बहुतांश लेखन गुजरातीत झाले आणि हिंदीच्या प्रसारासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. गुजरातीवरील प्रभुत्वामुळे गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ ठरवले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या गुजराती जोडणीकोशाच्या, म्हणजे शुद्धलेखनकोशाच्या, कामात तसेच नागरी लिपीसुधारणेच्या चळवळीत त्यांचा मोठा वाटा होता. शब्दांची ही शिस्त आणि पायी भटकण्याची मोकळीक यांत विरोध नाही. दोहोंत सूक्ष्म भेद ओळखावे लागतात. झरा, ओहोळ, ओढा, नाला आणि नदी हे पाच शब्द कोशात शेजारी बसतात. त्यांतील अंतर मात्र पाण्याकाठी चालणाऱ्यालाच नेमके कळते.

त्यांचे नदीविषयक लेख प्रथम ‘लोकमाता’ व पुढे ‘जीवनलीला’ या संग्रहांत एकत्र आले. नाशिकच्या विद्यार्थ्यांना जवळचा वाटेल असा लेख म्हणजे दक्षिणगंगा गोदावरीवरील. त्र्यंबकजवळ उगम पावणारी ही नदी बालपणीच्या प्रातःस्मरणातून त्यांच्या मनात शिरली होती. राजमहेंद्रीजवळचे तिचे विशाल पात्र त्यांनी रेल्वेप्रवासात पाहिले. रामकुंडावर पायऱ्यांत बांधलेली गोदावरी आणि समुद्राजवळची अफाट गोदावरी एकच आहे, हे भूगोलाने आपणास ठाऊक असते. हा लेख वाचताना ते जाणवते.

६.८ उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६४ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी १९५३ ते १९५५ या काळात भूषविले. १९६४ साली त्यांना पद्मविभूषण आणि १९६५ साली ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पूर्व आफ्रिका, जपान येथील प्रवासांवरही त्यांनी लिहिले. आफ्रिकेत नाईलच्या उगमाला त्यांनी गंगोत्रीच्या धर्तीवर ‘नीलोत्री’ म्हटले. २१ ऑगस्ट १९८१ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

६.९ सारांश

काकासाहेबांच्या छंदांतून घरी आणण्यासारखी वस्तू निर्माण झाली नाही. त्यामुळेच ते छंद कोणी हिरावून घेऊ शकले नाही. हिमालयात चालण्याची, जोगजवळ थांबण्याची आणि तुरुंगात मान वर करून पाहण्याची क्रिया त्यांच्या बाबतीत एकच होती. त्यांच्याइतके स्वातंत्र्य व प्रवास सर्वांच्या वाट्यास येत नाही, त्यांच्या भटकंतीचा काही भार इतरांनी वाहिला, हेही खरे. तथापि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सूक्ष्म निरीक्षण सर्वांत अरुंद जागेत झाले. सवडीअभावी छंद नाही, असे म्हणणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने या गोष्टीचा विचार करावा.

आपली प्रगती तपासा – २
१. जोगच्या प्रसंगातील दोन भूमिका स्पष्ट करून आपले मत सकारण मांडा.
२. ‘भटकंतीची किंमत कोण मोजतो?’ या प्रश्नाची काकासाहेबांच्या चरित्राच्या आधारे चर्चा करा.

क्षेत्रीय कार्य

जानेवारीअखेर रात्री आठच्या सुमारास घराच्या गच्चीवरून अथवा अंगणातून पूर्व-आग्नेय दिशेच्या आकाशात एका रेषेतील तीन तारे शोधा. हे मृगाच्या पोटातील तीन तारे होत. ती रेषा खाली आग्नेयेकडे वाढवली असता व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा दिसेल. द्वारका चौकासारख्या उजेडाच्या ठिकाणाहूनही हे तारे ओळखता येतात. सलग सात दिवस एकाच वेळी पाहून त्यांच्या स्थानात पडणारा फरक नोंदवा. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना या ताऱ्यांची नावे विचारा, त्यांनी सांगितलेले शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्या आणि या अनुभवावर दोनशे शब्दांचे टिपण तयार करा.